दुपट्याच्या आतली खूण

माय, तू बाळांना अंघोळ घालताना मी फार कमी वेळा पाहिलं, पण ऐकलं खूप. आपल्या खोलीची मागची भिंत सामाईक होती आणि पलीकडे मोहल्ल्यातलं कोणी ना कोणी बाळंत झालेलंच असायचं. इकडे मी मशीनवर झबली शिवत बसलेला असे आणि पलीकडून तुझे आवाज येत. आधी पाट सरकवल्याचा, मग बसताना तुझे गुडघे वाजल्याचा, मग पाण्यात हात घालून तू स्वतःशीच म्हणायचीस, "अजून ऊन हाय थोडं." बाळ रडायचं. तुझा हात पाठीवरून फिरायला लागला की रडण्याचा सूर खाली यायचा. तेल संपून उटणं सुरू झालं की ते असं हुंकारायचं, जसा एखादा म्हातारा पोटभर जेवून भिंतीला टेकतो. माझे कान तिखट आहेत हे तू मोहल्लाभर सांगत फिरायचीस. "माह्या पोट्ट्याले भिंतीपलीकडची मुंगी चाललेली ऐकू येते," असं म्हणायचीस, आणि बायका माझ्यासमोर भांडायच्या थांबायच्या. त्या कानांवरच मी पुढे धंदा केला. गिऱ्हाईक माझ्याशी मोठ्याने जे बोलतं ते मी सोडून देतो. बरोबर आलेल्या नणंदेच्या कानात जे बोलतं तेवढं धरतो.

इतवारीच्या बाजारातलं माझं दुकान तू पाहिलंस तेव्हा एका माणसाला पाय लांब करता येत नव्हते. आता तीन गाळे आहेत. झबली, टोपरी, दुपटी तर आहेतच, शिवाय बाळाचं तेल, साबण, पावडर, वेखंड, बाळंतशोपा, सगळा बाळंतविडा एका ठिकाणी मिळतो. हल्लीच्या बायका शिकलेल्या आहेत. डबा उलटा करून मागचं वाचतात आणि मग मला विचारतात, "काका, हे नॅचरल आहे ना? बाळाला काही होणार नाही ना?" मी त्यांना बसवतो, पाणी देतो आणि सांगतो. बाळाला लावायची कोणतीही वस्तू, मग ती झाडाची असो की कारखान्याची, आधी थोडी एकाच जागी लावून एक दिवस वाट पाहायची. वास घमघमीत असेल तर घ्यायची नाही. नवा कपडा तीनदा गरम पाण्यातून काढल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायचा नाही. आणि नॅचरल शब्दावर भरवसा ठेवू नका, असंही मी सांगतो. तेव्हा त्या हसतात. त्यांना वाटतं, हा दुकानदार स्वतःचाच माल विकायला तयार नाही, म्हणजे केवढा सरळ माणूस. गाळ्याच्या बाहेर पडल्यावर एकमेकींना सांगतात, "काका लई प्रामाणिक आहेत." ते मला ऐकू येतं. त्या शब्दात मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं अडकून बसलो आहे, माय. गल्ला सोडून उठताही येत नाही आणि तो शब्द अंगावरून काढून ठेवताही येत नाही.

यातलं निम्मं तर तुझंच आहे, मी फक्त पुढे सांगतो. तू तेल घ्यायला निघालीस की दोन घाण्या टाकून तिसऱ्या घाणीवर जायचीस. तेल बोटावर घेऊन चोळायचीस, हुंगायचीस आणि तेल्याला विचारायचीस, "याच्या आंधी काय काढलं होतं गा या घाणीत?" तो म्हणायचा, "तीळच होते, मावशे." तू म्हणायचीस, "तीळ होते तं करंजाचा वास काहून येऊन राहिला?" आणि बाटली रिकामीच परत आणायचीस. उटण्याला मसूर तू स्वतः निवडायचीस, दळायचीस आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्यातून दोनदा चाळायचीस. मोठ्या माणसांच्या उटण्यातला कचोरा, नागरमोथा तू तान्ह्याच्या उटण्यात कधी घातला नाहीस. हळद चिमटीभरसुद्धा नाही, नखावर मावेल तेवढी. नवं उटणं केलंस की आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर तसंच ठेवायचीस. स्वयंपाक करताना तो हात जरा लांब धरायचीस. मी हसायचो. तुझ्या मनगटाची कातडी चुलीपुढे इतकी राबलेली, तिला काय कळणार, असं मला वाटे. तिला सगळं कळत होतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. मी नवीन होतो, गांधीबागेतल्या एका कापडाच्या शेठकडून कटपीस आणून त्याची दुपटी, झबली शिवत होतो. तू ज्या घरी अंघोळ घालायला जायचीस त्या घरी माझी दुपटी जायची. तू मागच्या दाराने, तुझ्या शब्दावर माझा माल पुढच्या दाराने. एक त्रास होता. गिऱ्हाइकं महिनाभर वापरून, धुऊन दुपटं परत आणायची आणि म्हणायची, विटलं, बदलून द्या. दुसऱ्याच्या दुकानातलंही माझ्या माथी मारायची. मी धोब्याकडे बसलो होतो एकदा. तो सुईने बिब्बा टोचायचा, काळा रस कपड्याच्या कोपऱ्यावर टेकवायचा, वरून चुना लावायचा. कपडा फाटेल पण ती खूण जाणार नाही. मी विचारलं, "भट्टीतही नाही जात?" तो म्हणाला, "भाऊ, माणूस जाते, बिब्बा नाही जात." मला रस्त्यातच नाचावंसं वाटलं. घरी येऊन मी माझी खूण ठरवली, दोन ठिपके आणि खाली एक रेघ. दुपट्याचा वरचा भाग स्वच्छ दिसावा म्हणून खूण आतल्या बाजूला, कोपऱ्यातल्या शिवणीजवळ घातली. म्हणजे जी बाजू बाळाच्या अंगाला लागते तीच. बिब्ब्याने कातडी उतते हे मला ठाऊक होतं, विदर्भातल्या कोणत्या माणसाला ठाऊक नसतं? पण ते रस अंगावर सांडला तर, असं मी धरून चाललो. वाळलेल्या ठिपक्याचं भय मला वाटलं नाही. तरी हे काम मी तू अंघोळी घालायला गेलेली असताना केलं. तुला दाखवलं असतं तर तू सुई काढून घेतली असतीस, हे मला आतून माहीत असावं. तुला तेव्हा जवळचं नीट दिसेनासं झालं होतं, सुईत दोरा मीच ओवून द्यायचो. मसुरीएवढी खूण शिवणीच्या सावलीत. तुला दिसायची नाही.

शेठच्या सुनेला मुलगा झाला. तू रोज जायचीस. बारशाला माझी सहा दुपटी गेली, नवी कोरी. चार-पाच दिवसांनी शेठकडचा माणूस आला, दोघांनाही बोलावलंय म्हणाला. मला वाटलं, आणखी माल पाहिजे असेल. मी चालता चालता तुझी थट्टाही केली, "माय, आता तुले टांगा लावून देतील ते." तू म्हणालीस, "टांगा नको, चपला घेऊन दे म्हणा."

त्या घराची ती आतली खोली मला अजून दिसते. शेठाणी पलंगाशी उभी आहे, शेठ दारात. बाळ उघडं ठेवलंय आणि रडून रडून त्याचा आवाज बसलाय. शेठाणी म्हणते, "मावशी, हे काय लावलं तुम्ही? डॉक्टर बोलले, घरातलं काही लावत असाल तर आजपासून बंद." तू पुढे होतेस, हात लावणार तेवढ्यात ती बाळाला मागे ओढते. तुझा हात तसाच हवेत राहतो. मग तू हळूच विचारतेस, "बाई, मी उटणं सगळ्या आंगाले लावते. मंग चट्टा एकाच जागी काहून हाय?"

मी वाकून पाहिलं. बाळाच्या उजव्या कुल्ल्याच्या वर कातडी लाल होऊन सुजली होती, पाणी सुटलं होतं, आणि त्या लालीच्या मधोमध फोड होते. दोन गोल. खाली एक लांबट.

माय, मी माझं दुकान वाचलं त्या पोराच्या अंगावर.

मागे शेठाणीची जाऊ दुसरीला म्हणाली, "हाथ साफ नहीं रहते इन लोगों के." इतक्या हळू म्हणाली की खोलीत मलाच ऐकू आलं. शेठ माझ्याकडे वळले, "भाऊ, तुमचं काय म्हणणं आहे?" त्या एका क्षणात मी किती हिशेब केले ते तुला सांगायची लाज वाटते. यांनी तोंड फिरवलं तर कटपीस बंद. यांच्या घरातून गोष्ट निघाली की गांधीबागेपासून महाल पेठेपर्यंत सगळ्या घरी पोचणार. दुकान उघडून वर्ष झालं नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तरी तुला निदान तुझा तो प्रश्न धरून ठेवता आला असता. मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, "तिचं वय झालंय, शेठ. नजर कमी झाली. उटण्यात काही गेलं असेल. आता कंपनीची पावडर वापरा, मी आणून देतो." आणि पलंगावरचं दुपटं उचलून म्हणालो, "हे धुऊन आणतो, बाकीचीही द्या, उटण्याचे डाग आहेत." तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तू माझ्या बोलण्यावर विचार करत होतीस. हा म्हणतो तसं असेल काय, असं तुझ्या चेहऱ्यावर होतं.

ती सहाही दुपटी मी जाळली. मग त्या आठवड्यात ज्या ज्या घरी खूण घातलेला माल गेला होता तिथे पायी फिरलो. "याचा रंग कच्चा निघाला, बदलून देतो," असं सांगून प्रत्येक दुपटं परत आणलं, नवं दिलं. एकाही बाळाला काही झालं नव्हतं. एवढं एक मी केलं, ते तुला कळावं म्हणून लिहितो. पण त्याचं झालं काय? कोणी तक्रार केली नसताना घरी येऊन माल बदलून देणारा दुकानदार इतवारीने पाहिला नव्हता. महिन्याभरात माझ्या ओट्यावर बायकांना बसायला जागा पुरेना. शेठचं पोरगं डॉक्टरच्या मलमाने बरं झालं, काळा डाग काही महिने राहिला. तुला बोलावणं मात्र कुठूनच आलं नाही. पहिले आठ दिवस तू रोज सकाळी लुगडं बदलून तयार होऊन बसायचीस.

एक दिवस मी जेवत होतो. तू माझ्यापुढे हात धरलास, आतलं मनगट वर करून. त्यावर उटण्याचा वाळलेला पापुद्रा होता. "त्याच डब्यातलं हाय. तीन दिवस झाले लावून. पाह्य, काही झालं काय?" काहीच झालं नव्हतं. मी भाकरी मोडत म्हणालो, "लहान पोराची कातडी वेगळी असते, माय." तू म्हणालीस, "एवढी वर्षं लहान पोराइलेच लावून राहिली मी. आता तू मले कातडी शिकवशीन?" मी हसलो. तू नाही हसलीस. "मंग काय झालं असन गा?" असं विचारलंस. मला वाटतं तो प्रश्न तू मला विचारला होतास, स्वतःला नाही. तुला काही कळलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी वरण मागितलं. तू वाढलंस.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. माझी बायको बाळंतिणीच्या खोलीत, पाणी तापलेलं, पाट मांडलेला, सगळे तुझी वाट पाहतायत. तू दारातच उभी. सुनेने हाक मारली, "या ना वं आत्याबाई, पोट्टी गारठते." तू म्हणालीस, "नको वं. दुसरी बाई पाह्य. माह्या हातातच काही असन तं?" मी बाहेरच्या खोलीत मशीनवर होतो. पाय थांबले माझे. तेव्हाच उठून आत यायला पाहिजे होतं. चार पावलं होती. दुकान तोवर चांगलं चालत होतं, शेठही माझ्यावाचून अडत होते, मला कोणाचं भय उरलं नव्हतं. पण आता सांगायचं म्हणजे दोन वर्षं गप्प बसलो हेही सांगावं लागणार होतं. जितके दिवस जात होते तितकं ते वाढत होतं. मी पुन्हा मशीन चालू केली. तुझ्या सख्ख्या नातीला भाड्याची बाई न्हाऊ घालत राहिली आणि तू अंगणात बसून धुतलेल्या लंगोटांच्या घड्या करत राहिलीस, घडी करण्याआधी प्रत्येक लंगोट डोळ्यांजवळ धरून पाहायचीस. काय शोधत होतीस तू? ती नऊ वर्षांची असताना तू गेलीस.

ती नात या उन्हाळ्यात बाळंतपणाला आली. जावई कोराडीला वीज केंद्रात आहेत, तिथल्याच वसाहतीत राहतात. मुलगी झाली, नाकडोळी कोणासारखी यावरून दोन्ही घरांत अजून बोलणी चालू आहेत. मी दुकानातलं सगळ्यात चांगलं तेल, चांगली पावडर आणली आणि सहज म्हणालो, "तुझ्या आजीचं उटणं करू का? मला येतं." ती म्हणाली, "नको बाबा, काही पण आणा, ते आजीवालं उटणं नको."

"काहून?"

"त्याच्यानं एका बाळाची कातडी जळली होती ना? तुम्हाला माहीत नाही?"

"कोणी सांगितलं तुले?"

"आजीनंच. मी शाळेत होते तेव्हा. 'माह्या हातानं एका लेकराले चटका बसला, तू आपल्या लेकराले असं काही लावू नको' म्हणाली होती. शपथ घातली होती तिनं मला."

माय, मला वाटत होतं हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. तू ते माझ्याही पुढे नेऊन ठेवलंस, पार पुढच्या पिढीपर्यंत, आणि साक्ष स्वतःविरुद्ध दिलीस. आता मी काय बोलणार? आजी खोटं बोलली म्हणू? की आजीबद्दल खोटं मी बोललो म्हणू? पोर नुकती बाळंत झालेली, तिची सासू शेजारी बसलेली, व्याही बाहेर पेपर वाचत बसलेले. मी म्हणालो, "बरं, नको तर नको."

बाळ अंघोळीला रोज रडायचं. सगळीच रडतात. पण मी भिंतीपलीकडून ऐकत होतो, तो सूर खाली येत नव्हता. अंगावर बारीक खरबरीतपणा आला होता, पावडर टाकली की आणखी. एका दुपारी मी मसूर निवडला. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आणि स्वयंपाकघरात? कोणी मेलं काय?" मी तिला म्हटलं, दुकानाचा नवा माल तपासतोय. दळला, दोनदा चाळला, हळद नखावर घेतली. मनगटाच्या आत लावून दिवसभर दुकानात बसलो. डाव्या हाताने कापड फाडलं. दुसऱ्या दिवशी साध्या डब्यात घालून लेकीला दिलं आणि सांगितलं की इतवारीतल्या एका वैद्याचं आहे. तिने आधी बाळाच्या पायाला थोडं लावून एक दिवस पाहिलं. माझीच लेक ती. मग लावायला लागली. तिसऱ्या दिवशी मी मशीनशी बसलो होतो आणि आतून रडणं खाली उतरलं. अगदी तुझ्या हाताखाली उतरायचं तसं नाही, पण उतरलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, हे फार छान आहे. नॅचरल आहे ना पूर्ण?" मी म्हटलं, "हो." "वैद्य चांगला दिसतो." मी म्हटलं, "हो, चांगला आहे."

आज ती कोराडीला गेली. जावई बसची चौकशी करायला पुढे गेले होते, बायको शिदोरी बांधत होती, ओसरीवर आम्ही दोघंच, आणि बाळ झोपलेलं. मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं. ती विचारेल, या वैद्याचं दुकान कुठे आहे, संपलं तर कुठून आणू, आणि मी तेव्हा सगळं सांगायचं, बिब्ब्यापासून. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. तिने रिकामा डबा माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "एवढं भरून द्या ना बाबा, दोन महिन्यांचं." मी भरून दिलं. झाकण घट्ट बसवलं. ती डब्याकडे पाहत होती, मला वाटलं आता विचारते.

तिने विचारलं नाही. आणि खरं सांगतो माय, मला बरं वाटलं.